तिची गोळी, तिचं हसू

गोळी जिभेवर ठेवायची, मान वर करायची, लोट्यातलं पाणी घटाघटा प्यायचं आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "झालं व माय, आता लावा दुकान!" अमरावतीच्या फूलबाजारात तिची सकाळ अशी व्हायची. मनाच्या आजाराची गोळी लोक पदराआड घेतात, तुम्हीही पाहिलं असेल. ही बाई ती चारचौघांत घ्यायची, बीपीची घ्यावी तशी.

तिचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. मला तिचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. फुलं दोघी एकाच मळ्यातून आणायचो, पण गिऱ्हाईक तिच्याकडे वळायचं, ते तिच्या हसण्यामुळे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती गजरे करायची. हसताना सगळं अंग हलायचं, पण गाठ एकही सुटायची नाही. मी मात्र दुपारपर्यंत गळून जायचे. घरी कोणी नुसती हाक मारली तरी रडू यायचं.

तिचेही तसे दिवस मी पाहिले होते. टोपलीत शेवंती सुकायची आणि ही नुसती बघत बसायची. मग डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केली. आधी मळमळली, कंटाळली, "काही फरक नाही" म्हणाली. महिनाभरानं एका सकाळी ती हसली. मला वाटलं, हे हसू त्या गोळीतच भरलेलं आहे.

आमच्या ओळीची एक रीत आहे. दोरा संपला, पाणी संपलं, डोकं दुखलं, तर शेजारणीच्या डब्यातून न विचारता घ्यायचं. म्हणून एकदा मी सरळ हात पुढे केला.

"ताई, मले बी एक दे ना, तुही थे गोयी."

तिनं गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचलं. "फुलं ने, दोरा ने. हे नाही भेटत."

"काहून? मी हसली तं तुले पाहावत नाही का?"

"अवं, हा का परसाद होय सगळ्यायले वाटाले? मांगच्या दसऱ्याले बरं वाटलं म्हणून मीच एकदम सोडली. झेंडूच्या ढिगात चक्कर येऊन राहिली, डोक्यात झटके, रडू. आता डोकेदुखीची गोयी बी डॉक्टरले विचारून घ्या लागते. तुह्या आंगात काय हाये, तुले मालूम हाये का?"

मला राग आला. दोन्ही दुकानांच्या मध्ये मी टोपली आडवी लावली आणि बोलणं बंद केलं. एका सकाळी तिनं ती टोपली उचलली, दोन्हीकडच्या फुलांवर ओलं फडकं टाकलं आणि मला हाताला धरून त्याच डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी खूप प्रश्न विचारले, रक्त तपासायला दिलं. थायरॉइड निघालं. मला दुसरीच गोळी मिळाली आणि मी चक्क खट्टू झाले. आजारसुद्धा तिच्यासारखा नाही! ती बाजारापर्यंत हसत आली. "हिले माहा आजार पायजे होता, बाप्पा!"

मी हळूहळू सावरले. पुढे तिची गोळीही डॉक्टरांनी थोडी थोडी कमी करत बंद केली. आता हसू जातं की राहतं, यावर मी डोळा ठेवून होते. पण गोळी नसलेल्या पहिल्या सकाळी ती नुसतं पाणी प्यायली, तिनं लोटा खाली ठेवला आणि तशीच ओरडली, "झालं व माय!" मागोमाग तेच हसू. म्हणजे ते पहिल्यापासून तिचंच होतं.

यंदा मुलीच्या बाळंतपणाला ती अकोल्याला गेली आणि तिकडेच राहिली. तिथल्या बाजारात दुकानही लावलं म्हणे. इथलं तिचं गिऱ्हाईक आता माझ्याकडे येतं. दोरा संपला की माझा हात अजून तिच्या डब्याकडे जातो, आणि तिथे फरशी असते.

अकोल्यात तिच्या शेजारी कोण बसते, मला माहीत नाही. पण त्या बाईला रोज सकाळी ते हसू फुकटात ऐकायला मिळतं, आणि माझा जळफळाट होतो.