आईच्या दोन खोल्यांची परवानगी

वडील गेल्यावर आईने आमच्या साकेत नगरातल्या घराच्या वरच्या दोन खोल्या रोजाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मोठं रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर. विदिशा, बैतूल अशा बाहेरगावांची माणसं पेशंटला भरती करून पाठ टेकायला जागा शोधत फिरायची. आई त्यांना खोली द्यायची आणि पेशंटसाठी पातळ खिचडीही करून द्यायची.

दोन गल्ल्या सोडून एक बंगला होता. मालक बंगळूरला. बंगला ॲपवरून एकेका रात्रीसाठी भाड्याने जायचा, आणि मग वाढदिवस, डीजे, रस्ताभर गाड्या. कॉलनीने वैतागून नगर निगमकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, तक्रार केली की रोजाने खोल्या देणं सरसकट बंद करा. नोटीस आमच्याही दारात आली. परवानगी मिळेपर्यंत पाहुणे ठेवायचे नाहीत.

"आई, सोडून दे हे. कोचिंगच्या मुली ठेवू, वर्षभर कटकट नाही," मी म्हटलं.

"त्या मुलींना कुठेही जागा मिळते गं. नियम आहे ना, मग पाळू. पण कसा पाळायचा ते विचारू तरी दे."

निगमने कॉलनीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. लग्नकार्यातही मागच्या रांगेत बसणारी माझी आई त्या दिवशी पुढे बसली. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती उठली. नागपूर सोडून चाळीस वर्षं होत आली, तरी तिच्या हिंदीत विदर्भ डोकावतोच.

"साहब, शोर से मुझे भी तकलीफ है. पर बंद करोगे तो अस्पतालवाले लोग फुटपाथ पे सोएँगे."

कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "भाभीजी, आपकी बात अलग है. लेकिन नियम तो सबके लिए एक होगा."

"तो सबके लिए बनाइए ना. जो रोज से कमरा दे, वो खुद उसी घर में रहे. बाजा बजा तो किसका दरवाजा खटखटाना है, ये गली को मालूम रहे."

निगमच्या अधिकाऱ्याने विचारलं, "माताजी, आपके यहाँ आग लगी तो क्या करेंगी?"

"अभी तो पानी डालूँगी. आप बताइए क्या लगता है, लगवा लेती हूँ."

लोक हसले, अधिकारीही हसला. पण तिचं म्हणणं त्याने लिहून घेतलं.

मग तपासणी झाली. जिन्याला कठडा लागला, पाहुण्यांची माहिती पोलीस ठाण्यात द्यायचं ठरलं, आग विझवायचं लाल सिलिंडर आलं. ते कसं वापरायचं हे शिकवायला आलेल्या माणसाने अंगणात चिंध्या पेटवल्या. आईने पदर खोचला, पिन ओढली आणि एका फवाऱ्यात जाळ विझवला.

"एक बार और जलाइए," ती त्याला म्हणाली, "मेरी बेटी भी सीख लेगी."

माझा नेम चुकला. अर्धी पावडर स्कूटरवर गेली.

काही महिन्यांनी निगमने आमच्या भागासाठी अटी ठरवल्या. मालकाने त्याच घरात राहायचं, ही पहिली अट. बंगल्यात आता एक कुटुंब कायमचं राहतं. आमच्या फाटकावर परवानगीची पाटी लागली, तेव्हा मी फोटो काढून नागपूरच्या मावशीला पाठवला आणि दिवसभर ऑफिसात ज्याला त्याला दाखवला. एम. पी. नगरातल्या माझ्या ऑफिसात आईचं एवढं नाव कधी निघालं नव्हतं.

त्यानंतर गल्लीतल्या दोन बायका आईकडे आल्या. त्यांच्याही खोल्या रिकाम्या होत्या, पण निगमच्या ऑफिसात जायला बिचकत होत्या. मी अर्धा दिवस सुट्टी काढून तिघींना सोडायला गेले. खिडकीमागच्या बाबूने आईला ओळखलं आणि आतून खुर्ची आणून दिली. आईने त्या खुर्चीवर सोबतच्या वयस्कर बाईंना बसवलं, आणि स्वतः खिडकीशी उभी राहून, कोणती अट कशासाठी आहे ते दोघींना सावकाश समजावून सांगू लागली. बाबू मान डोलवत ऐकत होता.