मागच्या खोलीची किल्ली

"वन्सं, मागल्या खोलीत जाऊन बसा जरा. घर बघाया लोकं आलेत. आन् खोकू नका."

मी न्हाणीघरात नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते बघत होते. आईनेच पाठवलं होतं. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि बोलणारी होती घर विकणाऱ्या दोन भावांतल्या थोरल्याची बायको. पावलं वाजली आणि कुठलंसं दार लागलं. माझ्यासमोर खुंटीवरचा टॉवेल ओला होता. साबणावर फेस तसाच होता. हे घर त्या भावांचे वडील गेल्यापासून बंद आहे, असं आम्हाला फोनवर सांगितलं होतं.

मी बाहेर आले. ओसरीवर थोरला आईला तेच पुन्हा सांगत होता. "कुनी ऱ्हात न्हाई हितं. आमी मळ्यात, धाकला तिकडं चाकणला. घराला मानूस पायजे, ताई. म्हनून काढतोय."

"पण घर तर लख्ख आहे हो," आई म्हणाली.

"मंडळी येऊन-जाऊन झाडती."

आम्ही सगळं घर पाहिलं. मागच्या खोलीच्या दाराशी आल्यावर तो थांबला. "ही बी तशीच हाय. पेंडीची पोती ठिवलीत. किल्ली धाकल्याकडं ऱ्हायली."

मी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या कडीला कुलूप नव्हतं.

कोल्हारहून शिर्डीला परतताना एसटीत मी आईला सगळं सांगितलं: टॉवेल, साबण, आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "असेल कुणी पाहुणी. सणवाराचे दिवस आहेत. तुला प्रत्येक घरात काहीतरी दिसतंच." हेही खरं होतं. राहात्याच्या घरात कॅलेंडरमागची ओल मलाच दिसली होती. शिर्डीतल्या एका फ्लॅटमध्ये मीच हळूच आईच्या कानात म्हटलं होतं, की लिफ्टच्या जागी नुसता खड्डा आहे. बाभळेश्वर आल्यावर आई पुन्हा बोलली. "या घरात काही शोधू नकोस. एवढं एकच आपल्याला झेपणारं आहे."

झेपणारं म्हणजे माझ्या पगारावर बँक जेवढं कर्ज देत होती तेवढ्यात बसणारं. मी शिर्डीत एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. काउंटरमागे मला बोलता येतं, कारण तिथे वाक्यं ठरलेली असतात. गुड मॉर्निंग सर, आयडी प्रूफ प्लीज, चेकआउट अमुक वाजता. काउंटरच्या बाहेर आले की माझी जीभ टाळूला चिकटते. आई ब्लाऊज शिवते. बाबा गेल्यापासून घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडेच आहे. ती मला टोमणाही मारते, "इंग्लिश शाळेची फी भरली ती काय गप्प बसायला?"

आम्ही ज्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, त्यांचे मालक आता पूर्ण इमारत भक्तांना लॉज म्हणून देणार होते. शेजारच्या खोल्यांत एसी बसले, दारांवर नंबर लागले. मालक वाईट माणूस नव्हते. "घाई न्हाई पोरी," ते म्हणाले, "पण दिवाळी झाली की तुमच्याबी खोलीचं काम काढायचंय." एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर मिस्त्रीने आमच्या दारावर खडूने १०६ लिहून ठेवलं होतं. आत आई मशीनवर होती, तिला पत्ताच नाही. तिने ओल्या फडक्याने पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा तिथेच १०६.

म्हणून दुसऱ्याच भेटीत आईने थोरल्याच्या हातावर इसार ठेवला. त्याने तो कपाळाला लावला आणि म्हणाला, "घर तुमचंच समजा."

त्यानंतर तो सापडेनासा झाला. फोन केला की मळ्यात असायचा. मळ्यात गेलो की बाजाराला गेलेला असायचा. सापडला की हसून चहा सांगायचा. बँकेच्या वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं, घर वडिलांच्या नावावर, तेव्हा सगळ्या मुलांच्या सह्या हव्यात, बहीण असेल तर तिने हक्कसोड करून दिली पाहिजे. आईने त्याला विचारलं, "भाऊ, बहीण आहे का तुम्हाला?"

"हाय की. थोरली हाय माझ्याहून. सुखात हाय तिच्या घरी."

"मग सही?"

"देतीय की. आपल्यात काय बहिनी न्हाई म्हनत्यात व्हय? पन आता पितरं चालू हायेत, ताई. पितरांत असलं काम करू न्हाई."

पितृपक्ष संपला तर घट बसले. "देवी बसल्यावर बहिनीला सही मागायची, बरं दिसतं का?" घट उठले तर म्हणाला, कांद्याची लागण चाललीय, बोट वर करायला वेळ न्हाई. बँकेचा माणूस मोजमापाला आला तेव्हाही मागची खोली बंदच. थोरला त्याला म्हणाला, "ही बी एवढीच धरा, पुढच्यासारखी." आई न राहवून म्हणाली, "एवढीच धरा म्हणून मी ब्लाऊजसुद्धा कापत नाही, भाऊ." सगळे हसले. थोरला सर्वांत मोठ्याने हसला. दार तसंच राहिलं.

धाकट्याचं काम माझ्याकडे होतं, कारण तो मोबाईलवर उत्तरं द्यायचा. फोन लावला तर म्हणायचा, "मॅडम, टुमारो. हंड्रेड पर्सेंट." मेसेज केला तर अंगठा पाठवायचा. मी एकदा धीर करून लिहिलं, मागच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे आहे का? त्याने नमस्काराचे दोन हात पाठवले. मी त्या हातांकडे बघत बसले. त्याचा अर्थ हो होता की नाही, की आता पुरे?

दसऱ्यानंतर आईची झोप गेली. ती पडल्यापडल्या घरातल्या वस्तू मोजायची. मशीन कुठे जाईल, कपाट कुठे जाईल, कोणाच्या पडवीत काय ठेवता येईल. माणसं कुठे जातील, ते ती मोजत नव्हती. मलाही विचारायचं धाडस होत नव्हतं.

एकदा माझी ड्यूटी लवकर संपली आणि मी थोरल्याने सांगितलेल्या वेळेच्या बरीच आधी कोल्हारला पोचले. आई मागून येणार होती. दार उघडंच होतं. अंगणात एक बाई तुळशीपाशी वाकून पानं वेचत होत्या. आईपेक्षा थोड्या मोठ्या. केस पांढरे, पदर खोचलेला. मला बघून त्या दचकल्या नाहीत. आत जाऊन तांब्या-भांडं घेऊन आल्या.

"घर घेनाऱ्या ना तुमी?"

मी मान हलवली.

"पानी सकाळी येतं. पहिली हंडी सोडून द्यायची, गढूळ असती. त्या पेरूला पुढच्या साली फळ धरंल. तवर त्याला तोडू नका. मी लावलाय."

इतक्या महिन्यांत त्या घराबद्दल कोणी मला दिलेली ही पहिली सरळ माहिती होती. मला पुष्कळ विचारायचं होतं. तोंडातून एवढंच आलं, "तुम्ही इथेच असता?"

"वडलांचं करायला आल्ते," त्या म्हणाल्या. "सासरी मालक गेल्यावर कोन हुतं मला? वडील बी गेले. मग हितंच ऱ्हायले."

बाहेर मोटारसायकल थांबली. त्यांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं, घाई न करता मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. थोरला आत आला. "आवं म्याडम, लवकरच आलाव? दार उघडं ऱ्हायलं वाटतं मंडळीकडनं." मी त्याच्याकडे बघितलं. त्यानेही माझ्या ओल्या ओठांकडे बघितलं, आणि मग दोघांनीही दुसरीकडे.

आई आल्यावर थोरल्याने सांगितलं की आता काळजी नको. भाऊबीजेला बहीण ओवाळेल, तेव्हा तिला साडी घालायची आणि त्याच दिवशी सही घ्यायची. "आमच्यात असंच असतंय. साडीवर सही. दुसऱ्या दिवशी गाडीतनं राहात्याला नेऊन नोंदवून टाकू. तुमीबी या. तुमच्याम्होरंच घेतो, मग तर इश्वास बसंल?"

परतीच्या वाटेवर मी आईला सगळं सांगितलं. पेरूसुद्धा. आईने तिकिटं घडी करून पाकिटात ठेवली. मग म्हणाली, "त्यांचे भाऊ आहेत. ते बघतील." थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, पण हळू. समोर उसाची ट्रॉली रस्ता अडवून चालली होती. गाडी तिच्यामागे रांगत होती आणि मला वाटत होतं, अशीच रांगत राहावी, कुठेच पोचू नये.

दिवाळीत मालकांनी आम्हाला फराळाचं ताट पाठवलं. ताट परत न्यायला आलेल्या त्यांच्या सुनेने जाता जाता विचारलं, "काकू, मग कधी जाताय?" भाऊबीजेच्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा दारावरचा नंबर खडूचा नव्हता. पितळेचा होता, स्क्रूने बसवलेला. आईने कुलूप लावताना त्याच्याकडे बघितलं नाही.

कोल्हारच्या घरात ओसरीवर दोन पाट मांडले होते. थोरला आणि धाकटा, दोघं टोप्या घालून बसले होते. धाकट्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याने मला ओळखीचा अंगठा दाखवला. बाई मागच्या खोलीतून आल्या, सगळ्यांसमोर, जशा काही रोजच तिथून येतात. थोरल्याने आमच्याकडे बघून नुसतं म्हटलं, "आमची आक्का. कालच आलीय."

त्यांनी दोघांना कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. ताटात थोरल्याने साडी ठेवली. अबोली रंगाची, चांगली होती. घडीच्या खाली स्टॅम्प पेपर होता. बाईंनी साडी कपाळाला लावली, कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "चष्मा आत हाय."

त्या उठल्या. मागच्या खोलीचं दार या वेळी उघडंच राहिलं. आतलं मला सगळं दिसलं. पेंडीची पोती नव्हती. एक खाट, घडी घातलेली गोधडी, पत्र्याची पेटी, कोनाड्यात देव, खिडकीत औषधाची बाटली. दुसरं काही नाही. त्या खोलीत एक पूर्ण संसार होता आणि तो आमच्या एका खोलीपेक्षाही कमी जागेत मावत होता.

त्या चष्मा लावून पुन्हा भावांसमोर बसल्या. धाकट्याने पेनचं टोपण काढून दिलं. "कर आक्का आता. लग्नाला हो म्हनायला बी एवढा येळ लावला नव्हतास."

"लग्नाला मला कुनी इचारलं हुतं?" त्या म्हणाल्या. थोरल्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. त्याही हसल्या. मग पेन घेऊन कागदावर वाकल्या आणि सही कुठे करायची ती जागा शोधू लागल्या. थोरल्याने बोट ठेवून दाखवली.

आईने माझं मनगट धरलं. तिला माझं कळतं. तिचा हात गार होता, बोटांवर सुईचे खरखरीत व्रण. त्या धरण्यात पितळेचा १०६ होता, मशीन कुणाच्या तरी पडवीत असणं होतं, आणि दुसरं घर नाही हेही होतं. मला ते सगळं समजत होतं. महिनाभर मी त्या एकाच प्रश्नाने झोपले नव्हते. आम्हाला तो कुणी विचारला नव्हता, म्हणून तो किती जड असतो ते मला माहीत होतं.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

माझा आवाज मलाच परका वाटला, काउंटरवरच्यापेक्षा मोठा.

"मावशी, हे घर आम्ही घेतलं, तर तुम्ही कुठे राहणार?"