बोलू नको, बोट दाखव

नागेशच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा 'हॅलो'सुद्धा न म्हणता मी सुरू झालो, "अरे, बिल्ड परत अडकलं बघ." पलीकडून त्याच्या बहिणीचा, सुवर्णाचा आवाज आला. "दादा, आमचा अण्णा गेला." अण्णा म्हणजे नागेशच. काविळीनं तो दवाखान्यात होता. घरी येईल असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी करमाळ्याकडच्या वस्तीवरचा, घरातला पहिला पदवीधर. सोलापुरात कॉलेजला आलो तेव्हा कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटायची. ती नागेशनं घालवली. पडद्यावर चुकांची रांग लागली की मला घाम फुटायचा. तो म्हणायचा, "शेवटची कशाला बघतो? पयली धर की. बाकीच्या तिच्याच पोरी हायत." माझी आजची नोकरी या वाक्यावर उभी आहे.

नोकरी लागल्यावरही रविवारी मी त्याच्याकडेच असायचो. अंध मुलांच्या एका शाळेसाठी तो चित्राशिवायचा गेम तयार करत होता. पाऊल डावीकडे वाजलं, फाटक मागं करकरलं, की त्या अंदाजानं मुलांनी वाट काढायची. आवाजाला दिशा देणारं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार तुकडा, ओपन सोर्स होतं. कोड कुणीही घ्यावा, बदलावा. नागेशनं तो शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी बदलला, बिल्ड करून, म्हणजे त्या मशीनवर चालेल असा बनवून, गेममध्ये बसवला. आणि हे करणाऱ्याला एकाच कानानं ऐकू यायचं. लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, डावा कान तिथंच राहिला. म्हणून हेडफोन माझ्या कानांवर. डोळे मिटायचे आणि आवाज येईल तिकडे हात करायचा. "बोलू नको, नुसतं बोट दाखव." एकदा मी मागं बोट केलं आणि तो दुपारभर कोडमध्ये चूक शोधत बसला. शेवटी त्याची आई चहा घेऊन आली आणि हसायलाच लागली, "अरे, तो शेजारचा माग हाय की!" मी त्या मागाकडं बोट केलं होतं, आणि एका कानाच्या नागेशला त्याची दिशाच कळली नव्हती. "तुझ्या बोटापायी माझी दुपार गेली की रं!"

यंदा शाळेला नवे कॉम्प्युटर मिळाले आणि गेम मुका झाला. मॉड्यूल त्यांच्यासाठी नव्यानं बिल्ड करायला हवं होतं. दवाखान्यात नागेशनं एवढंच मागितलं, "पोरांचा गेम वाजव."

तेव्हापासून धडपडतोय. पहिली चूक सुटते, तिच्या जागी दुसरी पहिली होऊन बसते. त्यानं स्वतः लिहिलेल्या भागाशी येऊन मी थांबतो. तिथं असं का केलं, ते फक्त त्यालाच ठाऊक. कोड साऱ्या जगाला खुला आहे, माझ्यापुढं मात्र भिंत. शाळेतल्या बाईंचा फोन येतो. "मुलं हेडफोन लावून बसतात हो, सर. नुसतीच..."

संध्याकाळी मी त्याच्या खोलीत, त्याच्याच कॉम्प्युटरपुढं बसतो. काकू, त्याची आई, दारात येऊन उभ्या राहतात.

"वाजलं?"

"नाही, काकू."

"मग उद्या ये की."

काल हे म्हणताना त्यांचा आवाज सुटल्यासारखा हलका झालेला मला जाणवला. गेम वाजला की माझं येणं थांबेल, असं त्यांनी धरलंय बहुतेक. 'वाजल्यावरही येईन' असं सांगायला मी तोंड उघडलं... पण तो वाजेल की नाही, हेच मला माहीत नाही.