धावड्याचं कनेक्शन

साळवे मॅडमचं कनेक्शन परत तुटलं, तसं देशमुख साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

आमची कंपनी बियाण्यांची. हेड ऑफिस जालन्यात, तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. वैशाली साळवे मॅडम लॅबमध्ये. कोणतं बियाणं किती उगवतं ते तपासून आकडे सिस्टिममध्ये भरायचे आणि लॉट पास करायचा, हे त्यांचं काम. त्यांनी पास केल्याशिवाय पोतं गोडाऊनबाहेर जात नाही. त्यांचे वडील भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला, गावच्या घरात घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. आई नाही, भावंडं नाहीत. म्हणून साहेबांनी त्यांना घरून काम करायची परवानगी दिली होती. पेरणी मात्र तोंडावर आलेली.

"या आठवड्यात बराबर चाललं तर ठीक," साहेब म्हणाले. "नसता मॅडमला इथं यावं लागेल. मी तरी किती दिवस थांबवू?"

घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला व्हीपीएन लागतं. मी नोकरीला लागलो तेव्हा टेलिफोनच्या वायरवरून डायल करून जोडावं लागायचं. मोडेम आधी शिट्ट्या मारायचा आणि मूड असेल तर लागायचा. आता इंटरनेटमधूनच एक बंद वाट काढतात. तिच्यातून फक्त आपली माणसं ये-जा करतात. पण ती मधेच तुटली, की सेव्ह न केलेले आकडे गेले. मॅडम दिवसातून दोन-तीनदा तेच आकडे नव्याने भरत होत्या.

आधी आमची बाजू पाहिली. युजर, पासवर्ड ठीक. बाकी लोकांचं व्हीपीएन दिवसभर चालत होतं. लॉग म्हणजे मशीनने स्वतःच लिहिलेली डायरी. त्यात दिसत होतं की दरवेळी मॅडमच्याच टोकाचं इंटरनेट जातं. लाइनवाल्या कंपनीला विचारलं, ते म्हणाले लाइन चांगली आहे.

मग मॅडमकडून स्क्रीन शेअर करून घेतली आणि त्यांच्या राउटरमध्ये शिरलो. राउटर कधीपासून चालू आहे, हे तो स्वतः सांगतो. तो नुकताच चालू झालेला होता. म्हणजे लाइन तुटत नव्हती, राउटरच बंद पडून परत सुरू होत होता.

"लाइट जाते का?" मी विचारलं.

"नाही सर. माझा फॅन चालूच असतो."

मग राउटरचा अडॅप्टर खराब असणार. आमचा फील्डचा माणूस भोकरदनला निघाला होता, त्याच्याबरोबर नवीन पाठवला. दुसऱ्या दिवशी कनेक्शन परत तुटलं. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, साहेबांना सांगा, मी राजीनामा देते, बाबांना सोडून येणं होणार नाही. मी म्हटलं, उद्याचा दिवस थांबा, मी येतो.

धावड्याला पोचलो तेव्हा मॅडम आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून कामाला बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खाटेवर त्यांचे वडील. एसटीत कंडक्टर होते. सगळा जन्म भरल्या गाडीत बोलण्यात गेला, आणि आता भिंतीकडे बघत पडून. वायर खिडकीतून आत आलेली, त्यामुळे राउटर त्यांच्याच उशाशी होता. मी अडॅप्टर, प्लग, बोर्ड सगळं तपासलं. कुठंच दोष नाही. बाबा मला जाफराबाद रोडवरच्या जत्रेच्या गर्दीच्या गोष्टी सांगत होते.

"चहा घ्या साहेब. थांबा, पोरीला बोलवतो," ते म्हणाले. त्यांनी खाटेला टेकवलेली काठी उचलली आणि तिच्या टोकाने बोर्डावरचं बटण दाबलं. राउटरचे दिवे गेले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मॅडम दारात उभ्या राहिल्या.

त्यांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, हे तुम्ही करून राह्यलात?"

बाबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. एकदा लाइट गेल्ती, तेव्हा ती बाहेर येऊन त्यांच्यापाशी बसली, चहा घेतला, बोलली. "कानाला ते लावल्यावर तिला हाक ऐकू येत न्हाई," ते मला म्हणाले. "मंग मी जरासं बंद करतो. ती येती, बसती. मंग चालू करतो. काम हाय तिथून फुडं जात असंल ना?"

पुढे जात नाही, हे मी त्यांना सांगितलं. आकडे पुसले जातात, आणि नोकरीवर आलं आहे, तेही. त्यांनी काठी हळूच खाटेखाली सरकवली. मला वाटलं, मॅडम चिडतील. पण त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि बाबांची चादर नीट करत राहिल्या.

वायर वाढवून राउटर मी आतल्या खोलीत नेऊन बसवला. भोकरदनला जाऊन बिनवायरची डोअरबेल आणली. बटण बाबांच्या उशाशी, घंटी मॅडमच्या टेबलावर. मॅडमनी आपणहून ठरवलं, घंटी वाजली की आधी सेव्ह करायचं, मग बाहेर जायचं. सगळे लॉट वेळेत पास झाले. बाबा वॉकरवर चालायला लागल्यावर मॅडम जालन्याला परतल्या, त्यांना सोबत घेऊनच.

साहेबांना मी कळवलं : युजरकडे पॉवरचा प्रॉब्लेम होता, सुटला. त्यांनी जास्त विचारलं नाही.

आता कोणाचं घरचं कनेक्शन तुटतं अशी तक्रार आली, की मी आधी एकच विचारतो : राउटरपाशी कोण बसतं?