श्वास भरून घेताना

घशातून श्वासाची नळी घालायच्या आधी पेशंटला ऑक्सिजन भरून द्यायचा असतो, हे मी आजवर किती पोरापोरींना शिकवलं असेल. दर वेळी एकच सांगते, घाई करू नका. पेशंट मरायला टेकलाय, नातेवाईक उरावर बसलेत, तरी मास्क नीट धरून उभं राहायचं. कारण नळी घालण्यासाठी औषध दिलं की त्याचा स्वतःचा श्वास थांबतो. मधल्या वेळात छातीत जेवढं साठवलं असेल तेवढ्यावरच गडी जगतो. नळाचं पाणी जाणार म्हटलं की आपण घरातली भांडी भरून घेतो, तसंच ते. न्यूमोनियात तर भांडंच गळकं असतं. मी हे जरा फटकळपणेच सांगते. पोरं मागून नावं ठेवतात, ठेवू देत.

त्या भरून घेण्याच्या वेळात डॉक्टरला जागचं हलता येत नाही. एका हातात मास्क आणि पेशंटची हनुवटी, दुसऱ्या हातानं मास्कला जोडलेली ऑक्सिजनची पिशवी दाबायची. तेव्हा कुणी काही विचारलं तर पळून जायला वाट नसते. मला एकदा असंच विचारलं होतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर आणि आजूबाजूची खेडी पेटलेली होती, ते दिवस. त्याच काळात वाळूजला कारखान्यामागून कारखाने उभे राहत होते आणि खेड्यातली पोरं मेंढरं सोडून तिथं कामाला येत होती. सोयगावकडचा असाच एक तरणा गडी सुट्टीला गावी गेला आणि तापानं फणफणला. बंदमुळं एसटी नव्हती. थोरल्या भावानं कुणाची तरी जीप मिळवून त्याला भर दुपारी आमच्या सरकारी दवाखान्यात आणलं. न्यूमोनियानं दोन्ही फुप्फुसं भरलेली, ओठ जांभळे. आडवं केलं की जीव घाबरा होऊन उठून बसायचा.

मी म्हटलं, बसवूनच देऊ ऑक्सिजन. खाटेला टेकायला काही नव्हतं. थोरल्याला म्हटलं, "चढा वर. त्याच्या पाठीमागं बसा आणि त्याचे हात धरा. मास्क काढू देऊ नका." तो पायताण काढून खाटेवर चढला. धाकटा त्याच्या छातीला टेकला, मी समोरून मास्क लावला. मेंढरं राखणारा माणूस, पकड भक्कम होती. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र तेव्हा आमच्याकडं नव्हतं. ओठ आणि नखं बघत राहायचं.

रंग अजून फिरला नव्हता. थोरला माझ्याकडं टक लावून बघत होता.

"बाई, गाव कोन्तं तुमचं?"

"इथलंच."

"मूळ गाव म्हन्तो मी."

मी मूळ गाव सांगितलं.

"आडनाव काय म्हनायचं?"

आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. त्या दिवसांत तर विचारूच नका. नामांतर मागणाऱ्या आमच्या माणसांची घरं खेड्यांत जाळली होती, माझा मामा गाव सोडून आमच्याकडं येऊन राहिला होता. मावशीनं भाड्याची खोली मिळावी म्हणून घरमालकिणीला भलतंच आडनाव सांगितलं होतं. मलाही तसं सांगता आलं असतं. पण टाळकं फिरलं माझं. भाऊ मरतोय आणि ह्याला माझी जात हवीय. मी खरं आडनाव सांगितलं, चांगलं मोठ्यानं.

त्याला कळायचं ते कळलं. त्याची नजर भावाच्या तोंडावरच्या माझ्या हातावर आली. पकड सैल झाली, पेशंटचा हात सुटला आणि त्यानं मास्क ओढला. मास्क सरकला. मला वाटलं, गेलं सगळं. आता पुन्हा पहिल्यापासून भरावं लागणार, आणि तेवढा दम ह्या पोरात उरलेला नाही. मी मास्क दाबून धरला, पण दोन हातांनी मी काय काय धरणार? भीती वाटली मला, खरंच वाटली.

पेशंटच्या घशातून घरघर आली. थोरल्यानं वाकून भावाचं तोंड बघितलं आणि सुटलेला हात पकडून पोटाशी आवळला.

"हात काढू नका बाई," तो म्हणाला. "लई उपकार व्हतील, हात काढू नका."

हळूहळू ओठांचा रंग फिरला. मग सिस्टरनं औषध दिलं, आम्ही त्याला आडवा केला, नळी लगेच गेली आणि रंग टिकला. काही दिवसांनी नळी निघाली. धाकटा बोलायला लागला, जेवायला लागला.

मला बरंही वाटलं होतं आणि रागही आला होता. थोरला ते गरजेपोटी म्हणाला की मनापासून, याचा मी फार विचार केला, आजही करते. भावाचा जीव माझ्या हाताखाली होता, दुसरं काय म्हणणार तो? पण सुटलेली पकड त्यानं स्वतःहून आवळली, माझ्या सांगण्यावरून नाही, हेही खरंच आहे.

घरी न्यायच्या दिवशी तो वॉर्डाच्या दारात भेटला. दोन्ही हात जोडले. डोळे भरले होते. नाटक नव्हतं ते, मला माणसं कळतात.

"बाई, अजिंठ्याकडं कधी आलात तर आमच्या..." तो थांबला. "आमच्या गावाकडं या."

मी "येईन" म्हटलं.

आपल्याकडं अशा वेळी 'घरी या' म्हटल्याशिवाय कुणी सोडत नाही. तो कुठं थांबला ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं. त्यानं मान खाली घातली आणि भावाला धरून जिन्याकडं वळला.