दोराविना सोडलेली पिकअप

डोलोरेस टाफोयाला कटकटी बाई म्हणणाऱ्यांची मला चीड येते. त्यांच्यातल्या निम्म्यांचे हातपाय तिच्या कटकटीमुळेच शाबूत आहेत.

एकोणतीस वर्षं ती न्यू मेक्सिकोच्या माळावर सिनेमांसाठी गाड्या आपटत आली. त्यातली अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली होतो. बिनड्रायव्हरची गाडी सरळ न्यायची, तर तिला वळताच येता कामा नये, हे तिचं म्हणणं. त्यासाठी स्टिअरिंग जाम करायचं, पुढच्या दोन चाकांच्या मधे गाडीखाली एक नळी जोडायची, तिच्यातून पोलादी दोर ओवायचा आणि तो दोन्ही टोकांना जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधून ताणायचा. मग रिमोटवर उरतो फक्त वेग आणि इंजिन बंद करायचं बटण. याला तीन तास लागतात. हातातला हिरव्या मिरचीचा बुरिटो खात ती दोराच्या कडेने चालायची, वाटेतले खडे उचलायची आणि खुंटा ढिला दिसला की ठोकणाऱ्याला शिव्या घालायची. ठोकणारा बहुधा मीच असे.

त्या मार्चमध्ये एक जुनी पिकअप ताशी पन्नास मैलांच्या वेगाने कोठाराची लाकडी भिंत फोडून जायची होती. भिंतीजवळ, गाडीच्या वाटेपासून सात फुटांवर, एलिस कॅमेरा घेऊन बसणार होता. सकाळ वाऱ्याने खाल्ली होती. किनकेड नावाचा सहायक दिग्दर्शक म्हणाला, दोराला वेळ नाही, स्टिअरिंग रिमोटला जोडा. आदल्या दिवशी तसं हळू चालवून दोन चाचण्या झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा गाडी सुतासारखी सरळ गेली होती.

"वीस मैलांवर सगळ्याच गाड्या गुणी असतात," डोलोरेस म्हणाली. "पन्नासवर नखाएवढी चूक झाली तर ती एलिसच्या मांडीवर. दोर नाही तर गाडी नाही."

"बाई, तुमच्या दोरासाठी सूर्य थांबत नाही."

"मग एलिसच्या खुर्चीत तू बस, पोरा. आत्ता सोडते गाडी."

सगळं युनिट ऐकत होतं. किनकेड लालबुंद झाला. त्याने तिला घरी जायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "गिल, तुला जमेल ना?"

इथे मला त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त राग येतो. अकरा वर्षं तिने बोट धरून शिकवलेलं असताना मी जमेल म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती थेट एलिसकडे गेली आणि त्याच्या जाकिटाची कॉलर धरली. "उठ. कॅमेरा आपला आपण चालतो. नाहीतर तुझ्या बायकोला फोन लावते, तिला सांग कुठे बसलायस ते." किनकेड मागून ओरडत होता. एलिस एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत उठला आणि तिच्याबरोबर तिच्या व्हॅनपर्यंत गेला. कॅमेरा चालूच ठेवला होता.

मी गाडी सोडली. पन्नासाला पोचताच ती थोडी डावीकडे ओढली गेली. मी उजवीकडे सावरली, जरा जास्तच सावरली. भिंतीआधी तिने कॅमेरा उडवला आणि खुर्ची चाकाखाली घेतली. खुर्चीचे नळे वाकून चपटे झाले. किनकेड म्हणाला की शॉट मस्त मिळाला.

अपघाताच्या अहवालात लिहिलं की टाफोया काम अर्धवट टाकून निघून गेल्या आणि कोणालाही इजा झाली नाही. इजा का झाली नाही, हे कुठेच नव्हतं. त्याखाली माझी सही आहे.

त्यानंतर तिला एकही काम मिळालं नाही. ती आता शाळेच्या बसचे ब्रेक दुरुस्त करते. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ती बसखाली होती, नुसते बूट दिसत होते. माफी मागायची म्हणून मी तासभर उभा राहिलो. ती बाहेर आली नाही.

गेल्या आठवड्यात किनकेडचा फोन आला. या खेपेला ट्रक आहे, पुलावरून सरळ न्यायचाय. "तुझ्याबरोबर काम करायला डोक्याला ताप नसतो," तो म्हणाला.

दोराचं मी विचारलंच नाही. हो म्हणालो.