मामाच्या मांडीवर कारसीट

जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. आमची सईही बसली, फक्त तिच्या आणि मामाच्या मधे नऊ किलोची एक खुर्ची होती.

ही खुर्ची म्हणजे लहान मुलांना गाडीत बांधून बसवायची सीट. ती घ्यायला कारण झाली एक म्हैस. नशिराबादजवळ ती अचानक रस्त्यात आली, मी करकचून ब्रेक मारला आणि माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, मांडीवरची सई सरळ डॅशबोर्डवर! डोक्याला खोक पडली, दोन टाके. पुढे आठवडाभर तो आवाज माझ्या कानातून जाईना. म्हणून मी सीट आणली, माहितीपत्रक पाठ केलं आणि घरात सुरक्षेवर भाषणं द्यायला लागलो. (कुणी मागितली नव्हती.)

पहूरहून माझी आई जावळासाठी आठ दिवस आधीच आली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. टाक्यांचं तिला सांगितलंच नव्हतं. उगाच काळजी करत बसली असती. त्यामुळे सीट बघून ती भडकली.

"हाई खुर्ची शे का पिंजरा? पोरले कशाले बांधी राहिना?"

"अक्का, जिवाचा प्रश्न आहे."

"तुले मी मांडीवरच लई फिरनू. मोठा व्हयना ना?"

शेवटी तह झाला. जावळ धुळ्याला, वैशालीच्या माहेरी. जळगाव ते धुळे वाटेत सई एकदा जरी रडली, तरी खुर्ची कायमची गच्चीवर! (तिच्यात मिरच्या वाळत घालायचंही अक्काने ठरवून टाकलं होतं.)

एरंडोलपर्यंत सई गाणी म्हणत होती. मग तिचा ओठ बाहेर आला, हनुवटी थरथरली. शेजारी बसलेली अक्का आशेने पुढे सरकली. मी घाईघाईने गाडी बाजूला घेतली आणि सईच्या हातात केळं दिलं. (जळगावच्या माणसाच्या गाडीत एखादवेळेस स्टेपनी नसेल, केळी असतातच.) पारोळ्याला दुसरं केळं. धुळ्याच्या अलीकडे तिसरं. ते तिसरं काही तिच्या तोंडात गेल्याचं दिसलं नाही, पण मी विचारलं नाही. ती रडली नाही, एवढंच मला हवं होतं.

धुळ्यात मांडव तयार होता. चाळीस पाहुणे, केस कापायला आलेले सुभाषआप्पा आणि नवाकोरा शर्ट घालून बसलेला सईचा मामा किशोर. माझे सासरे नाना घड्याळ दाखवत म्हणाले, "जावईबापू, बाराच्या आत व्हायला पाहिजे. उतरवा सईला."

मी पट्ट्याचं लाल बटण दाबलं. काही झालं नाही. दोन अंगठ्यांनी दाबलं. गुडघा टेकून दाबलं. बटणाभोवतून पिवळसर काहीतरी बाहेर आलं.

"बाबा, मी केळ्याला तिथे झोपवलं," सई म्हणाली.

हां हां म्हणता अर्धी गल्ली जमली. कुणी म्हणालं, पट्टे सैल करून वर ओढा. ओढलं, पण पायांमधला पट्टा सोडेना. कुणी म्हणालं, तेल सोडा.

"आप्पा, वस्तरा आहे ना? पट्टाच कापा!"

"पट्ट्याला हात लावायचा नाही!" मी किंचाळलो. "परत जाताना ती बसेल कशात?"

"मांडीवर!" चाळीस जण एका सुरात म्हणाले.

पावणेबारा वाजले. शेवटी किशोरलाच माझी दया आली. "भाऊजी, खुर्चीसकट द्या."

आम्ही सीट गाडीतून सोडवली (ती सुटली, हे तिचे उपकार) आणि सईसकट त्याच्या मांडीवर ठेवली. किशोर मागे दिसेनासा झाला. ओवाळायच्या वेळी मामाचं कपाळ शोधावं लागलं. सई मात्र टकामका बघत बसली होती. डोकं जागेवर, हात जागेवर, रडणं नाही.

आप्पा वस्तरा पुसत म्हणाले, "इतक्या वर्षांत एवढं न हलणारं पोरगं पाहिलं नाही. ही खुर्ची मिळते कुठे?"

माझी छाती फुगली. तेवढ्यात अक्का गरम पाणी घेऊन आली, अंबाड्यातली पिन काढली आणि दहा मिनिटं केळं कोरून काढलं. खट्! सई सुटली. किशोरला दोघांनी धरून उभं केलं.

निघताना नाना म्हणाले, "जावईबापू, ही खुर्ची राहू द्या इथेच." माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं. पण अक्का सईच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत होती, आणि तिचं बोट एका जागी थांबलं. इतके दिवस केसांखाली लपलेली नशिराबादची खूण.

"हाई काय शे?"

मी सगळं सांगितलं. मग ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "खुर्ची लाव गाडीमा. घट्ट लाव."

मला तिथेच तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी खुर्ची लावली, सईला बांधलं, पट्टा दोनदा ओढून बघितला आणि मोठ्या रुबाबात स्टेअरिंगवर बसलो.

"आनि तुना पट्टा कोठे शे रे?" मागून अक्काने विचारलं.

माझ्या पट्ट्याच्या खाचेत, गाडीने टुंटुं करू नये म्हणून, मी दोन वर्षांपूर्वी बाजारातली एक नुसती क्लिप अडकवून ठेवली होती. (भाषणं चालू होती, तेव्हाही ती तिथेच होती.) मी बटण दाबलं. दोन अंगठ्यांनी दाबलं. क्लिप हलेना.

अक्का खाली उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि अंबाड्यातून पुन्हा पिन काढली. "सरक. मी देखस."

चाळीस पाहुणे निरोप द्यायला उभेच होते. सईने मागून मान लांब करून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाबा, तू पण केळं झोपवलं?"